मिरगाआधी टायर बदलायचे तर

कोकणातल्या बऱ्याच गाड्यांचे टायर झिजून संपत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर धावणारी आणि एरवी खळ्यात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये पडून असलेली गाडी बघा. नक्षी चांगली ५ मिमी शिल्लक असते, मालक निर्धास्त असतो, पण रबर कडक झालेलं असतं. खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, केसासारख्या बारीक भेगा दिसायला लागतात. असा टायर कोरड्या रस्त्यावर कुरकुर करत नाही. पहिल्या पावसात आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की मग कळतं.

म्हणून आधी तारीख वाचायची. साइडवॉलवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर तपासून घ्या. दहा वर्षांचा टायर, नक्षी कितीही असो, काढायचाच. नवीन घेतानाही दुकानात चारही टायरची तारीख स्वतः वाचा. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर त्यातलं आयुष्य गोदामातच किती गेलं याचा हिशेब करा.

झीज बघायला खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिमी उंचीच्या. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आपल्याकडच्या पावसात तिथवर थांबू नये, ३ मिमीलाच बदलावा. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिमी असते. ती उथळ झाली की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं.

आता माप. १८५/६५ आर १५ ८८ एच यात १८५ मिमी रुंदी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि डिस्क, म्हणजे टायर बसतो ती रिम, १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची क्षमता. शेवटचे दोन कंपनीने दिलेत त्याच्या खाली कधी घेऊ नयेत. रुंद टायर हवाच असेल तर १९५/६० आर १५ घेता येतो, कारण व्यास ६२१ वरून ६१५ मिमीवर येतो, फरक एका टक्क्याचा. १९५/६५ घेतला तर व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि टायर मडगार्डला घासू शकतो. मोठी अलॉय आणि ५०-५५ची बुटकी साइडवॉल मात्र इथे नकोच. वाडीतल्या वाटेला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावलेले असतात. समोरून गाडी आली की टायर चिऱ्याच्या कडेला घासतो. साइडवॉलमध्ये पोलादी पट्टा नसतो, तिथला काप पंक्चरवाला जोडू शकत नाही. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले की फुगा येतो, तो टायरही गेलाच.

काही टायरवर 'ट्रेडवेअर' आणि 'ट्रॅक्शन' लिहिलेलं असतं. पहिला आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकणार. दुसरं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचं, एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. दुकानदार पहिलंच दाखवेल. तुम्ही दुसरं बघा. आधीच म्हटलं तसं, इथे टायर झिजायच्या आधी वयानेच जातो, मग जास्तीच्या मायलेजला पैसे कशाला?

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा. 'गाडी पुढून ओढते, नवे पुढे लावू' असं टायरवाला हमखास सांगतो. पण मागचे गुळगुळीत असले की ओल्या वळणावर गाडीचं ढुंगण आधी सुटतं, आणि ते स्टिअरिंगने सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

जुना टायर उतरला की डिस्क हातात घेऊन कडा बघा. मालवण-गुहागरसारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने लोखंडी डिस्कची बसायची कड गंजते, तिथून हवा हळूहळू सुटते आणि दोष टायरला लागतो. गंज तारेच्या ब्रशने साफ करून मगच टायर चढवायला सांगा. रबरी व्हॉल्व्ह नवा घाला, तो स्वस्त असतो. उतरलेला टायर एकाच कडेने झिजलेला दिसला तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली, दोन्ही कडांनी झिजलेला असेल तर हवा कमी, मधून झिजलेला असेल तर जास्त. नायट्रोजनचा आग्रह मनावर घेऊ नका, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

बॅलन्सिंग झालं की नट समोरासमोर आवळून घ्या आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा बघा. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. आणि डिकी उघडून स्टेपनीची तारीख वाचा. बहुतेक वेळा ती गाडीच्याच वयाची निघते, आणि हवा निम्मी.