गोदाकाठची विद्या : तिसऱ्या खर्ड्याची नोंद

पैठणच्या परिसरात घडणाऱ्या माझ्या अद्भुत कादंबरीचा तिसरा खर्डा या महिन्यात सुरू केला. आधीच्या दोन्ही खर्ड्यांत एका तपस्व्याला मंत्रविद्या एका रात्रीत पूर्ण स्वरूपात मिळते आणि पुढची चारशे वर्षे तिच्यातील एक अक्षरही बदलत नाही. त्या विद्येला नियम होते, पण इतिहास नव्हता, आणि कथा निर्जीव वाटण्याचे कारण हेच होते.

वाट सापडली ती ‘कथासरित्सागर’ या सोमदेवाच्या संस्कृत कथासंग्रहातील, गुणाढ्य या कवीच्या आख्यानात. शिवाने पार्वतीला एकांतात सांगितलेल्या कथा पुष्पदंत हा गण चोरून ऐकतो, आणि शाप, मानवजन्म व काणभूती नावाचा पिशाच अशा वळणांनी त्या गुणाढ्यापर्यंत पोहोचतात. पैठणच्या सातवाहन राजाला संस्कृत शिकवण्याच्या पैजेत हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडलेला गुणाढ्य सात लाख श्लोक पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजाने ते नाकारल्यावर एकेक पान वनातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकतो. चरणे विसरून ऐकणारी जनावरे वाळतात, राजाच्या ताटातले मांस नीरस होते, त्यावरून राजाला सुगावा लागतो आणि शेवटचे एक लाख श्लोक बचावतात.

बहुतेकांचे लक्ष त्या बचावलेल्या लाखाकडे जाते. मला मात्र जळालेले सहा लाख महत्त्वाचे वाटतात, कारण ते कोणीतरी ऐकलेले आहेत. (ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची कथाही पैठणचीच, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.)

म्हणून आता माझ्या कादंबरीत विद्येच्या दोन शाखा आहेत. दरबारी पंडितांजवळ पोथी आहे, पण ते केवळ टीकेवर टीका लिहितात. धनगरांजवळ पोथी नाही. कोणत्या उच्चारावर मेंढरे चरायची थांबतात हे पाहत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकेक मंत्र पारखला आहे आणि ओवीत बांधून ठेवला आहे. चुकीच्या उच्चाराने कळप दगावतो, त्यामुळे ही विद्या फार सावकाश वाढते.

अडचण एकच उरली आहे. ओवी गाताना शब्द बदलतो, तेव्हा तो बिघाड की नवा शोध, हे पात्रांना कशावरून कळावे? सध्या एकाच मंत्राचे दोन पाठ पैठणच्या नागघाटावर समोरासमोर येतात तो प्रसंग लिहीत आहे, आणि त्यात पोथीतला पाठ निष्फळ ठरतो.