टर्बो स्नोमोबिल: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आधी उंची सांगा

मुंबईतल्या बायकर मंडळींचा जानेवारीत गुलमर्ग किंवा सोलांगचा बेत ठरला की स्नोमोबिलचा, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीचा, विषय हमखास निघतो. कॅनडा-नॉर्वेत नोकरीला गेलेले आपले लोक तर हल्ली ती विकतही घेतात आणि इथल्या मित्रांना फोटो पाठवून सल्ला विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: हॉर्सपॉवर किती? आपण समुद्रसपाटीला राहतो. इथे कंपनीने छापलेला आकडा बऱ्यापैकी खरा ठरतो, त्यामुळे तेवढा प्रश्न पुरेसा वाटतो. स्नोमोबिलच्या बाबतीत मात्र त्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: किती उंचीवर चालवणार, आणि बर्फ दाबलेला असेल की भुसभुशीत. त्यांची उत्तरं मिळाली की टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद जवळपास मिटतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, तिथे तो ७३० च्या आसपास येतो. तिथल्याच अफरवाट शिखराच्या माथ्याजवळ, ३,९५० मीटरच्या पुढे, ६२० च्या घरात. थंड हवा दाट असते, त्यामुळे थोडी भरपाई होते. तरीही टर्बो नसलेलं १६५ हॉर्सपॉवरचं इंजिन गुलमर्गला सव्वाशेच्या आसपास ताकद देतं आणि माथ्याकडे ११० पर्यंत खाली येतं. दर ३०० मीटरला तीन टक्के ताकद गेली असं धरून चाला, फारसं चुकणार नाही. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, ही गेलेली ताकद परत आणतो. मात्र दोन्ही प्रकारच्या इंजिनांत त्याचं काम वेगळं असतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून त्याच आकाराच्या फोर-स्ट्रोकपेक्षा ते जास्त ताकद देतं आणि हलकंही असतं. पण सिलिंडर भरण्याचं अर्धं काम एक्झॉस्टची ट्यून्ड पाइप करते. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची लाट पाइपच्या शेवटापर्यंत जाऊन परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पोर्टमधून पुन्हा आत ढकलते. आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलल्यावर पिकअप कसा जातो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. आता याच वाटेत टर्बोची टर्बाइन बसवली तर एक्झॉस्टवर मागून दाब येतो आणि लाटेचं गणित बिघडतं. म्हणून या यंत्रांत आधी ट्यून्ड पाइप आणि तिच्या पुढे टर्बो अशी मांडणी करतात. शिवाय टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो, त्यामुळे टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचवण्याची सोय मुद्दाम करावी लागते.

हे सगळं नीट जमायला वेळ लागला. बाहेरून टर्बो किट लावणारे बरेच होते आणि त्यात पिस्टन वितळवून घेणारेही बरेच. कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक स्नोमोबिल स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये आणली: समिट, रोटॅक्सचं ८५० ई-टेक टर्बो इंजिन. तिची जाहिरात नीट वाचण्यासारखी होती. टर्बोमुळे हॉर्सपॉवर वाढल्याचा दावा नव्हता. साध्या ८५० इतकेच १६५ हॉर्सपॉवर, पण ८,००० फुटांपर्यंत टिकणारे. गुलमर्गची वाटी ८,७०० फुटांवर आहे, म्हणजे ती हमी जिथे संपते त्याच्या किंचित वर. २०२३ च्या मॉडेलपासून टर्बो आर आलं, १८० हॉर्सपॉवरचं. पोलारिसने २०२२ मध्ये पेट्रियट बूस्ट आणलं. साध्या ८५० पेक्षा समुद्रसपाटीला १० टक्के आणि १०,००० फुटांवर ५० टक्के जास्त ताकद, असा कंपनीचा दावा आहे. टू-स्ट्रोक टर्बोचे पैसे कुठे वसूल होतात ते या दोन टक्केवाऱ्यांतूनच कळतं. खाली मैदानात चालवणार असाल तर दहा टक्क्यांसाठी एवढी गुंतागुंत पदरात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये टर्बो सहज बसतो. व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात, दाबलेली हवा एक्झॉस्टमधून निसटत नाही, आणि तळाशी सम्पमध्ये भरपूर तेल असतं. त्यामुळे इथे टर्बो फक्त उंचीची भरपाई करून थांबत नाही, मूळ ताकदच बरीच वाढवतो. यामाहाचं ९९८ सीसी तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन २०१७ च्या मॉडेलपासून साइडवाइंडर आणि आर्क्टिक कॅटच्या थंडरकॅटमध्ये आलं. ताकद २०० हॉर्सपॉवरच्या आसपास. रोटॅक्सचं ९०० एस (ACE) टर्बोही तीन सिलिंडरचंच: आधी १५० हॉर्सपॉवर, नंतरच्या टर्बो आर मध्ये १८०. गोठलेल्या तलावावर किंवा मशीनने दाबून सपाट केलेल्या रुंद ट्रेलवर ही यंत्रं थरारक पळतात, आणि दिवसभर पळूनही इंजिन थकल्याचं जाणवत नाही.

किंमत मोजावी लागते ती वजनाची. टू-स्ट्रोक टर्बोची डोंगरी स्नोमोबिल पेट्रोल-तेल न भरता साधारण २१० ते २२० किलोची असते. फोर-स्ट्रोक टर्बो २५० च्या आसपास सुरू होते आणि पुढे जाते. हा ४०-६० किलोंचा फरक बहुतेक सगळा नाकाशी, स्कीच्या वर असतो. दाबलेल्या बर्फावर त्याचा फायदाच होतो, स्की वळणात घट्ट चावतात. भुसभुशीत बर्फात मात्र नाक खाली जातं, मागचा पट्टा खड्डा खणत बसतो आणि यंत्र उभ्या चराच्या आकारात रुततं. कमरेएवढ्या बर्फात रुतलेलं यंत्र काढायचं तर आधी स्कीच्या पुढचा बर्फ फावड्याने उपसायचा, मग पट्ट्याच्या पुढचा, मग यंत्र बाजूला लोळवून खड्डा भरायचा आणि तुडवून घट्ट करायचा. ३,००० मीटरवर, समुद्रसपाटीवरून दोन दिवसांपूर्वी आलेल्या फुप्फुसांनी हे काम दोन वेळा केलं की दिवस संपतो.

म्हणून झाडांमधून वाट काढणं, डोंगराच्या कुशीला यंत्र एका स्कीवर कलतं ठेवून आडवं नेणं, उभी चढण घेणं, यातलं काहीही करायचं असेल तर टू-स्ट्रोकच. पट्टा १५४ ते १६५ इंच लांब, त्यावरचे रबरी दात अडीच ते तीन इंच उंच, आणि स्कीमधलं अंतर ३६ इंचांच्या आसपास, म्हणजे यंत्र सहज कलतं. इथे रेस (स्नोमोबिलवर ती अंगठ्याने दाबतात) दिल्याक्षणी ताकद मिळणं हाच जीव. आडव्या उतारावर बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, यायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी पुढचं टोक खाली घसरतं, मग चालवणारा घाबरून जास्त रेस देतो आणि तेवढ्यात सगळी ताकद एकदम येते. टू-स्ट्रोक टर्बोमध्येही किंचित उशीर असतो, पण इंजिन बूस्टशिवायही जोमदार असल्यामुळे तो कमी जाणवतो. नव्याने शिकणाऱ्याने मात्र डोंगरातही टर्बो घेऊ नये. साधं ६०० किंवा ८५० आणि १५४ इंची पट्टा घेऊन तोल शिकावा. टर्बो असेल तर हात सुधारण्याऐवजी अंगठ्याने वेळ मारून नेण्याची सवय लागते.

ट्रेलवर लांब पल्ला मारायचा असेल तर चित्र उलटतं. १२९ ते १३७ इंचांचा पट्टा, सव्वा ते दीड इंची दात, ४२ इंचांच्या घरात स्कीमधलं अंतर, आणि फोर-स्ट्रोक टर्बो. अंगठा सोडला की इंजिन स्वतःच वेग रोखतं. टू-स्ट्रोकमध्ये हा अडकाव जवळजवळ नसतो, सगळं काम ब्रेकवर येतं. टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोकवर आलेला माणूस पहिल्या वळणाला याच कारणाने लवकर मंदावतो, आणि उलट बाजूने आलेला वळणाबाहेर जातो. तेल भरत राहण्याची कटकट नाही, धुराचा वास कमी, आवाज खालच्या पट्टीतला. सामान ओढणं, जखमींना स्लेजवरून खाली आणणं, ही कामंही फोर-स्ट्रोकचीच, २० किंवा २४ इंच रुंद पट्ट्याच्या यंत्रांवर.

या दोन्हींच्या मध्ये, थोडी ट्रेल आणि थोडा मोकळा बर्फ असं ज्यांचं चालवणं आहे, त्यांनी १४६ इंची पट्टा आणि टर्बो नसलेलं ८५० टू-स्ट्रोक बघावं. १,५०० मीटरच्या खाली ते पुरून उरतं.

आता बेल्ट. ताकद जमिनीपर्यंत नेणारी व्यवस्था दोन्हींमध्ये सारखीच असते: अ‍ॅक्टिव्हाच्या व्हेरिएटरसारख्या दोन पुल्ल्या आणि मध्ये बेल्ट. अ‍ॅक्टिव्हात रोलर असतात, इथे पुढच्या क्लचमध्ये झुलणारी वजनं, आणि मागच्या क्लचमध्ये स्प्रिंग व हेलिक्स. वजनं हलकी असली तर इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या वर पळतं, जड असली तर त्याच्या खालीच गुदमरतं. टर्बो नसलेल्या यंत्रात उंची बदलली की वजनं बदलावी लागतात, कारण इंजिनची ताकदच बदललेली असते. टर्बोमध्ये ती बरीचशी स्थिर राहते, म्हणून क्लचला हात लावायची वेळ क्वचित येते. हा टर्बोचा मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर अर्ध्या रेसवरच चालवा. खोल बर्फात वेग कमी आणि रेस पूर्ण असं बराच वेळ चाललं की बेल्ट तापतो, चकाकतो, घसरतो आणि शेवटी तुटतो. इंजिन बंद करून पुल्लीवर हात ठेवा. टेकवता येत नसेल तर थांबा, बाजूचं पॅनेल उघडा, थंड होऊ द्या. बेल्ट तुटलाच तर नवा चढवण्याआधी क्लचमध्ये अडकलेला एकेक धागा काढा आणि पुल्लीचे चेहरे स्वच्छ पुसा. ते न करता चढवलेला दुसरा बेल्ट थोड्याच अंतरात पहिल्याच्या वाटेने जातो.

पेट्रोलबाबत भारतात विशेष काळजी हवी. अमेरिकी मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलेलं असतं, पण ती मोजण्याची पद्धत वेगळी. आपल्या पंपावरच्या रॉन पद्धतीने ते साधारण ९५ होतं. ९१ रॉनचं पेट्रोल टर्बो टू-स्ट्रोकमध्ये भरलं तर इंजिन नॉक करतं आणि एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनची कडा वितळू लागते. सेन्सर टायमिंग मागे घेऊन वाचवायचा प्रयत्न करतो, पण मग ज्या ताकदीसाठी टर्बो घेतला तीच जाते. आपलं ई२० ऑक्टेनमध्ये बसतं, पण बहुतेक स्नोमोबिलना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. जास्त इथेनॉल म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि कडाक्याच्या थंडीत ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कॅन भरण्याआधी पंपावर इथेनॉलचं प्रमाण विचारा, आणि मागच्या मोसमात उरलेलं पेट्रोल वापरू नका.

सकाळी चालू करताना आधी यंत्राचा मागचा भाग उचलून आपटा, म्हणजे गोठलेला पट्टा सुटतो. मग कूलंट कोमट होईपर्यंत थांबा. टू-स्ट्रोकमध्ये हे टाळलं तर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगतो आणि इंजिन सीझ होतं. घट्ट बर्फावर किंवा नितळ ग्लेझवर स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा, खाली सोडा. उडालेला बर्फ टनेलखालच्या (पट्ट्यावरच्या धातूच्या छताखालच्या) कूलरवर आणि पट्टा ज्यांवरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या स्लाइडवर पडला नाही तर इंजिन तापतं आणि स्लाइड वितळून चिकटतात. चढण चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. मिनिटभर आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. टू-स्ट्रोकवाल्याने एक लिटर तेल आणि प्लगचा जोड जवळ ठेवावा. फोर-स्ट्रोक उलटलं तर सरळ करून लगेच स्टार्टर मारू नका. तेल एअरबॉक्समध्ये किंवा सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. थोडा वेळ थांबा, शंका असेल तर प्लग काढून इंजिन फिरवा.

आणि टर्बो जिथे तुम्हाला सहज नेतो, त्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच बहुतेक हिमस्खलनं होतात. बीकन (गाडल्या गेलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं अंगावर, यंत्राच्या डिकीत नाही. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी थांबून नजर ठेवून.

वापरलेलं यंत्र घेणाऱ्यांसाठी: यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबिलचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०२५ च्या मॉडेलनंतर थांबली, त्यामुळे साइडवाइंडर घेण्याआधी आपल्या भागात सुटे भाग आणि सर्व्हिस मिळते का ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये सर्व सिलिंडरचं कम्प्रेशन मोजा. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडायचा खर्च किमतीतून वजा करा. दोन्हींमध्ये टर्बोची नळी काढून शाफ्ट बोटाने हलवून बघा. तो आत-बाहेर सरकत असेल, पंख्याची पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील किंवा नळीत तेल साचलं असेल, तर टर्बो बदलावा लागणार. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबा आणि मगच स्वतः चालू करून बघा. अवघड सुरुवात, निळा धूर आणि पहिल्या दोन मिनिटांची खडखड थंड इंजिनातच दिसते.