दहा मिनिटांचं काम आहे, चला

कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीच्या ऑफिसात मी डिस्पॅच बघते. गेट पास फाडायचे, वजनकाट्याच्या पावत्या लावायच्या, कुठली गाडी किती माल घेऊन कधी बाहेर पडली ते रजिस्टरला चढवायचं. मागच्या पावसाळ्यात स्क्रॅपच्या एका गाडीच्या वजनात घोळ निघाला. मालकांनी तक्रार दिली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. तिघे, त्यातले दोघे साध्या वेशात. मालक पुण्याला गेलेले.

तक्रार आमचीच, तेव्हा मदत करायची यात प्रश्नच नव्हता. रजिस्टर मागितलं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, मागितला, इथवर ठीक. मग फौजदार म्हणाले, "ड्रायव्हरशी तुमचं बोलणं व्हायचं ना? मोबाईल द्या. आणि जरा ठाण्यात चला, दहा मिनिटांचं काम आहे." मालकांना फोन लावला, तर तेही म्हणाले, "मागतील ते देऊन टाक, कटकट नको."

रजिस्टर मालकांचं, डीव्हीआर मालकांचा. ते द्यायला त्यांची हरकत नसेल तर मी कोण अडवणार? पण मोबाईल माझा. त्यात आईचे रिपोर्ट, बँकेचे मेसेज, बहिणीशी रात्री उशिरा झालेलं बोलणं. त्याची परवानगी मालक कशी देतील? 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क मी कामावर येताना गेटवर जमा करून येत नाही.

माझी मावसबहीण वकील आहे. तिने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: आवाज चढवू नकोस, आणि प्रत्येक गोष्टीचा कागद माग. मी फौजदारांना म्हटलं, "साहेब, मोबाईलमधलं काय हवं त्याचा कलम 94 खाली लेखी आदेश द्या, मी हजर करते. आणि जबाब माझ्या घरी येऊन घ्या." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 तसंच सांगतं. साक्षीदार बाई असेल तर तिला राहत्या जागेखेरीज कुठेही यायला भाग पाडता येत नाही. स्वखुशीने गेली तर गोष्ट वेगळी. ते जरा चिडले, पण दोघेही उभ्याने बोलत होतो ते बसून बोलायला लागलो.

पंचनाम्याला वेळ लागला. पंच म्हणून आमच्याच ऑफिसातली दोन पोरं घेत होते, मी शेजारच्या वर्कशॉपमधून दोघांना बोलावलं. जप्तीचं व्हिडिओ चित्रण आता कलम 105 मुळे सक्तीचं आहे, याची आठवण करून द्यावी लागली. रजिस्टरची लिहिलेली पानं मोजून आकडा पंचनाम्यात घालायला लावला. यादीची प्रत हातात आल्यावरच डीव्हीआरची वायर काढू दिली.

तेवढ्यात बाहेर गाडी हॉर्न वाजवायला लागली. वाजवतेय, वाजवतेय, गेट कुणी उघडेना. जाऊन बघते तर वॉचमन तात्यांची खुर्ची रिकामी. त्यांना एका शिपायाने मोटारसायकलवर बसवून केव्हाच नेलं होतं. माझ्याशी बसून कायद्याचं बोलणं चाललं होतं तेव्हाच.

तात्या 63 वर्षांचे. घरीच जबाब घ्यायचा नियम बायकांसारखा वयस्कर पुरुषांनाही आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी वयाची अट 65 च्या वर होती. 1 जुलै 2024 ला ही नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ती 60 वर आली. म्हणजे जो हक्क मला होता तोच त्यांनाही होता, फक्त त्यांना तो कुणी सांगितला नव्हता. आणि मीही नाही. हे मला अजून लागतं.

संध्याकाळी वकील मावसबहिणीला घेऊन ठाण्यात गेले. तात्या बाकावर बसलेले, टोपी गुडघ्यावर, डबा न उघडलेला. मला बघून म्हणाले, "मॅडम, मी काय केलंय ओ?" बहिणीने तिथेच अर्ज लिहिला: यांना अटक केली असेल तर संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे कारणं सांगा, वकिलाशी बोलू द्या, अटक नसेल तर घरी जाऊ द्या. सोबत वय दाखवायला तात्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स. ठाणे अंमलदार आधी अर्ज घेईनात. आम्ही पोच मिळेपर्यंत हललो नाही. शिक्का बसला आणि पाऊण तासात तात्या बाहेर आले.

चौथ्या दिवशी एक जमादार आणि एक महिला शिपाई माझ्या घरी आले. आदेशाचा कागद आणला होता, त्यात ड्रायव्हरबरोबरचे त्या आठवड्याचे मेसेज मागितले होते, तेवढेच दिले. साक्षीदाराला खरं सांगावंच लागतं, ते सगळं सांगितलं. जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात "ड्रायव्हरशी चांगली ओळख होती" असं आलेलं. मी "कामापुरती ओळख होती" असं करून घेतलं. खाली सही मागितली. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम 181. जमादारांनी कागद तसाच घडी केला.

तिथून ते तात्यांच्या घरी गेले, मीही गेले. तात्या खाटेवर, जमादार खुर्चीवर. जबाब वाचून झाल्यावर तात्या म्हणाले, "परत एकदा वाचा." दुसऱ्या वाचनात त्यांनीच थांबवलं. "माझी ड्युटी आठला लागते, सातला न्हाई." जमादारांनी सातावर काट मारली.