तुम्ही विचारलेत म्हणून: चित्रे इतकी लहान का?

माझी चित्रे पाहणारे बहुतेक जण आधी रंगांविषयी चार चांगले शब्द बोलतात आणि मग, जरा संकोचूनच, विचारतात की ही चित्रे इतकी लहान का. एवढी मेहनत करायचीच, तर मोठा कॅनव्हास का घेत नाही? प्रश्न रास्त आहे. प्रवासात दिसलेली ठिकाणे, बागा आणि खेड्यातले रोजचे जगणे हे माझे विषय आहेत, माध्यम अ‍ॅक्रिलिक आहे, आणि यातले बरेचसे काम पोस्टकार्डाच्या आकाराचे असते. फार तर २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे. जागा कमी पडते, लहान चित्र कुठल्याही भिंतीवर मावते, अशी उत्तरे देऊन मोकळे होता येते आणि ती खोटीही नाहीत. पण खरे कारण असे की, एखादी गोष्ट मी जितकी पाहिलेली असते तितकेच चित्र मला काढता येते, आणि बहुतेक गोष्टी मी थोड्याच पाहिलेल्या असतात.

प्रवासात हे फार उघडपणे लक्षात येते. वळणावर गाडी थांबते, समोर उतारावरची शेते असतात, ढगाची सावली एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकत असते आणि आपण निघेपर्यंत ती पुढे गेलेलीही असते. तेवढ्या वेळात हाती लागतात ते तीन-चार मोठे आकार, उजेड आणि सावली यांची वाटणी, आणि झालेच तर एखादा अनपेक्षित रंग. म्हणजे सावलीतले गवत हिरवे न दिसता जवळजवळ जांभळे दिसले, एवढेच. हे सगळे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नीट मावते. तेच मीटरभर कॅनव्हासवर न्यायला गेले, तर उरलेली जागा भरण्यासाठी मला दगड, झुडपे आणि कुंपणे मनाने रचावी लागतील, आणि मनाने रचलेले दगड लगेच ओळखू येतात, कारण ते सगळे एका मापाचे आणि एकमेकांपासून सारख्याच अंतरावर पडलेले असतात.

मग फोटो कशाला असतात, असे कोणी म्हणेल. फोटो मीही काढते, पण त्याच्यावर फारशी विसंबत नाही, कारण भर उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या काळ्या पडतात किंवा आकाश पांढरे होऊन जाते, आणि मला जे हवे असते ते नेमके त्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी राहून जाते. त्यापेक्षा वहीत पेन्सिलीने केलेल्या चौकटीशेजारी शब्दांत लिहिलेली टिपणे अधिक उपयोगी पडतात: ‘आकाश रस्त्यापेक्षा गडद’, ‘छपराची कड सर्वांत उजळ’. ही पद्धत जुनीच आहे. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे जे लहान अभ्यास तैलरंगात केले, त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची नोंद आहे. कॅनडाचे चित्रकार टॉम थॉमसन तिथल्या अल्गोंक्विनच्या अरण्यात साधारण २१ बाय २६ सेंटिमीटरच्या फळ्यांवर रंगवत असत आणि त्यांतल्या काहींवरून त्यांनी पुढे स्टुडिओत मोठे कॅनव्हास केले. ते कॅनव्हास प्रसिद्ध आहेत, पण मला विचाराल तर त्या फळ्यांतच जास्त जीव आहे.

या दोघांचे माध्यम तैलरंगाचे होते. ओली चित्रे सांभाळत प्रवास करण्याची कटकट त्यांनी सोसली, मला ती सोसायची नाही. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग चित्रकारांना १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मिळू लागले. रंगद्रव्य हे अ‍ॅक्रिलिक पॉलिमरच्या (एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) पाण्यातल्या मिश्रणात असते. पाणी उडून गेले की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून त्यांचा एकसंध पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. पातळ थर काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे खालचा रंग न ढवळता त्यावर दुसरा देता येतो. याच गुणाची लोक तक्रारही करतात, कारण मोठ्या आकाशात निळ्यातून पिवळ्याकडे हळूहळू जायचे असेल तर रंग मधेच वाळून कड उमटते. माझे आकाश मात्र रुंद कुंचल्याच्या दोन-तीन फटकाऱ्यांत संपते, आणि तेवढा वेळ अ‍ॅक्रिलिक देते. ओलेपणी ते मिश्रण दुधाळ असते आणि वाळल्यावर पारदर्शक होते, म्हणून रंग वाळताना थोडा गडद होतो. लहान चित्रात एवढासा फरकही तोल बिघडवतो, यासाठी कागदाच्या कडेला एक पट्टी मोकळी ठेवून तिच्यावर आधी रंग वाळवून पाहावा. वाळलेली चित्रे समोरासमोर ठेवून बांधली तर एकमेकांना चिकटतात, म्हणून मधे मेणकागद घालावाच.

बागेत अडचण उलटी असते. तिथे पाहायला वेळ भरपूर असतो, पण दिसते तेही इतके असते की सोडायचे काय हेच कळत नाही, आणि त्यातले बहुतेक सगळे हिरवे असते. ट्यूबमधला थॅलो हिरवा, म्हणजे एक अतिशय भडक हिरवा, जसाच्या तसा लावला की पाने प्लॅस्टिकची होतात. अल्ट्रामरीन निळ्यात उबदार पिवळा मिसळला की मिळणारा हिरवा शांत असतो; काळ्यात पिवळा घातला तर शेवाळी छटा येते; आणि कुठलाही हिरवा भडक वाटला तर कणभर लाल त्याला ताळ्यावर आणतो. मी आधी संपूर्ण झुडपाच्या जागी एकच गडद रंग भरते, तो वाळू देते आणि त्यावर फक्त उजेडातली पाने ठेवते. झुडूप दिसते ते पानांमधल्या अंधाऱ्या फटींमुळे, आणि त्या फटी वेगळ्या रंगवाव्या लागत नाहीत, नुसत्या राखाव्या लागतात. फुले शेवटी येतात आणि जितकी दिसतात त्याहून कितीतरी कमी येतात. गुलाबी फुलांनी भरलेल्या वेलीवर मी पाच-सहाच ठिपके देते. त्यांतला एकच टायटॅनियम पांढऱ्याने पुरता उजळलेला असतो आणि बाकीचे त्याच्यापुढे दबून राहतात.

खेड्यातल्या कामाच्या चित्रांत माणूस दोन सेंटिमीटर उंचीचा असतो, म्हणजे त्याचा चेहरा हा एक ठिपका. उरते ती शरीराची ठेवण: भार कोणत्या पायावर आहे, कोपर कमरेच्या किती बाहेर गेले आहे, डोक्यावरच्या भाऱ्यामुळे मान कशी ताठली आहे. इथे एक मोठी सोय आहे. काम करणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच अवस्थेत येतो. गवत कापणारा वाकतो, मूठ भरतो, सरळ होतो आणि परत वाकतो, त्यामुळे एका वाकण्यात जे निसटले ते पुढच्या वाकण्यात सापडते. पाठीसाठी एक फटकारा आणि पायांसाठी दोन, एवढ्यात हे बसले पाहिजे. न बसल्यास डागडुजी करू नये, पुसून पुन्हा मारावे.

लहान आकाराचा एक धोका मी मान्य करते. लहान चित्रात खेडे फार लवकर गोजिरवाणे होते. कौलारू घर, एक झाड, दोन शेळ्या, झाले कॅलेंडर. म्हणून विजेचा खांब, निळी ताडपत्री, पत्र्याला टेकवलेली मोटारसायकल आणि पाण्याचे प्लॅस्टिकचे पिंप मी वगळत नाही. त्या ताडपत्रीचा निळा तर पुष्कळदा अख्ख्या दृश्यातला सर्वांत जोरकस रंग असतो आणि तिच्याभोवतीची माती त्यामुळेच तांबडी दिसते.

माझ्या म्हणण्याला एक दणकट अपवाद आहे, तो सांगितलाच पाहिजे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे १९६७ सालचे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र अ‍ॅक्रिलिकमध्येच आहे, लांबी-रुंदीला जवळजवळ अडीच-अडीच मीटर आहे, आणि त्याचा विषय आहे पोहण्याच्या तलावात कोणीतरी उडी मारल्यावर क्षणभर उसळलेले पाणी. ते उसळणे रंगवायला त्यांना सुमारे दोन आठवडे लागले. म्हणजे क्षणभर पाहिलेले मोठ्या कॅनव्हासवर आणता येतेच. पण तिथे आकाश, घर आणि पाणी हे सपाट रंगाचे मोठाले पट्टे आहेत, तपशील रचून जागा भरलेली नाही. एवढी रिकामी जागा धिटाईने रिकामीच ठेवणे मला जमत नाही.

मोठे चित्र कधीच काढणार नाही का, असेही विचारतात. काढले तर ते बागेचेच असेल, कारण सगळ्या ऋतूंत, पानगळीतही, मी पाहिलेली तेवढी एकच जागा आहे. त्यासाठी रंग उशिरा वाळावेत म्हणून त्यांत रिटार्डर मिसळावे लागेल, आणि मनगटातून रंगवण्याची सवय मोडून खांद्यातून हात फिरवायला शिकावे लागेल.