पहिली कायमची दाढ
नीट एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची उजळणी. सकाळ ट्रायजेमिनल नर्व्हनेच (चेहऱ्याची आणि दातांची संवेदना नेणारी नस) खाल्ली. तीन फांद्या, कवटीतून बाहेर पडायच्या तीन वाटा: सुपीरियर ऑर्बिटल फिशर, फोरामेन रोटंडम, फोरामेन ओव्हेल. खालच्या जबड्याचा ब्लॉक, म्हणजे तो बधिर करायचं इंजेक्शन, हाताला पाठ आहे, पण तेच चार पर्यायांत आलं की डोकं अडखळतं.

दुपारी पिडो, म्हणजे लहान मुलांचं दंतशास्त्र, काढलं आणि तिथेच रमले. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, तीही कुठलाही दुधाचा दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप. म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडू दे, पडेल नि नवी येईल." ओपीडीत हे किती वेळा ऐकलंय! नवी येत नाही हो. आणि पुस्तकात या दाढेच्या वाट्याला काय, तर तक्त्यातली एक ओळ.

संध्याकाळी फार्माकॉलॉजी. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेन (बधिर करायचं औषध), वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅम. रूममेटने चहा गाळता गाळता ५० किलोच्या पेशंटचा हिशेब घातला. ३५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं साडेसतरा मिली. बरोबर!

उद्या ब्रँकियल आर्चेस, म्हणजे गर्भातल्या ज्या कमानींपासून चेहरा आणि मान घडते त्या. लक्षात ठेवायची एखादी युक्ती असेल तर द्या, चावट असली तरी चालेल.