आमची वाटचाल: वहीच्या मागच्या पानावरचा आयपी

केबल टीव्हीवरून इंटरनेटकडे वळलो तेव्हा दापोलीत सगळे विचारायचे, "स्टॅटिक म्हणजे फास्ट ना?" नाही हो. स्पीड तेवढाच, फक्त कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बदलत नाही. घरच्या कनेक्शनला तो लागत नाही, हे मी तेव्हाही तोंडावर सांगायचो.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक हर्णैचे बर्फवाले काका. मुलगा मुंबईला, त्याला तिकडून फॅक्टरीचे कॅमेरे बघायचे होते. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा, पोर्ट फॉरवर्ड करून दिला (राउटरमधून बाहेरच्याला थेट त्याच्यापर्यंत यायची वाट), पण कनेक्शन डायनॅमिक, लाईट गेली की राउटर परत डायल करणार नि नवा आयपी घेणार, आणि आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. मग काकांचा फोन, "अरे, आजचा नंबर काय?" मी सर्व्हरवर बघून सांगायचो, ते लाद्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायचे, कालचा खोडून. पान भरलं तेव्हा म्हणाले, "पैसे घे, पण एकच कायमचा दे."

मधली वर्षं बरी गेली, कर्ज काढून फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेतलं.

मग 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. पोल आडवे, फायबर आंब्याच्या फांद्यांखाली. आम्ही चिखलात बसून कोअर जोडतोय आणि तेवढ्यात एक नवीन इंटरनेटवाली पार्टी गावात "स्टॅटिक फ्री" सांगत फिरतेय. निम्मी गिऱ्हाईकं गेली, कित्येकांनी साधा फोन पण केला नाही. काकांची फॅक्टरी लाईटअभावी बंद, तरी स्टॅटिकचं भाडं पाठवलं, वर म्हणाले, "माझा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

पुढे कर्द्याच्या एका रिसॉर्टवाल्याने बोलावलं, त्या फ्री स्टॅटिकवर बाहेरून कॅमेरा दिसेना. राउटरची सेटिंग उघडली तर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, 100.71 ने सुरू. अहो, 100.64 ते 100.127 ही रेंज सीजीनॅटची, म्हणजे एक पब्लिक आयपी अनेकांत वाटायच्या पद्धतीची! आयपी बदलत नव्हता हे खरं, पण तो पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा, नव्हताच, अख्खी आळी एका पब्लिक आयपीमागे, मग पोर्ट फॉरवर्ड करून करणार काय? सीजीनॅट आम्हीपण घरच्यांना लावतो, आयपीव्ही4 चे पत्ते सगळे मिळून 430 कोटीच्या आसपास, पुरणार कुठून, पण त्याला स्टॅटिक म्हणून विकत नाही. तुम्हीपण पैसे देण्याआधी राउटरमधला वॅन आयपी आणि इंटरनेटवर "माय आयपी" शोधल्यावर दिसणारा जुळतो का बघा. आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला, कंपनीचाच ठेवलेले अजून भेटतात.

रिसॉर्टवाला परत आला. डिस्काउंट मागतच आला.