हाउस मिक्स करताना: आधी लय, मग पट्टी

हाउस, म्हणजे नाचायचं एक इलेक्ट्रॉनिक संगीत, मिक्स करायला (वाजत्या ट्रॅकमध्ये पुढचा मिसळायला) घेतलं तेव्हा बीट जुळवणं तुलनेने लवकर जमलं. हाउसचा ठेका सरळच असतो. प्रत्येक मात्रेवर किक (बास ड्रमचा ठोका), तीही ड्रम मशीनवर बांधलेली, त्यामुळे बहुतेक ट्रॅकचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलत नाही. बराचसा माल १२० ते १२८ बीपीएममध्ये (मिनिटाला इतक्या मात्रा) बसतो. कान किकवर ठेवायचा. दोन किक बरोबर एकावर एक पडल्या की एकच ‘धप्’ येतो, जरा सरकल्या की ‘धडप्’. नुसता अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला तरी मिनिटभरात दोन्ही ट्रॅक अर्धी मात्रा लांब जातात. म्हणून वेगाचा सरकता फेडर नीट लावल्यावरही जॉग व्हीलवरचं (ट्रॅक जरा पुढेमागे ढकलायच्या चकतीवरचं) बोट काढायचं नसतं.

तरीही काही मिक्स ऐकवत नसत. किक चोख, पण दोन बेसलाइन (तळाच्या खर्ज सुरांच्या ओळी) एकमेकींच्या अंगावर यायच्या. तिथून मी पट्टीच्या, म्हणजे ट्रॅकच्या ‘की’च्या मागे लागलो.

डीजे लोक यासाठी कॅमलॉट चक्र वापरतात. त्यात प्रत्येक पट्टीला एक खूण असते: घड्याळासारखे १ ते १२ आकडे, मायनरला ए, मेजरला बी. ए मायनर म्हणजे ८ए, सी मेजर म्हणजे ८बी. (ए मायनरमधला ए आणि ८ए मधला ए यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधीच डोक्यात पक्कं करून घ्यावं.) ८ए वरून ८बी वर गेलं तर सातही सूर तेच राहतात. ९ए वर, म्हणजे ई मायनरमध्ये गेलं तर फक्त एफ जाऊन त्याजागी एफ शार्प येतो, बाकी सहा तसेच. शेजारचा आकडा जुळतो तो एवढ्याचसाठी.

सॉफ्टवेअर सगळ्या लायब्ररीची पट्टी काढून देतं, पण मी त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवत नाही. मेजर आणि त्याचा जोडीचा मायनर यांत ते गफलत करतं, कधी पंचमालाच सा समजतं. निव्वळ ड्रम्सच्या ट्रॅकला तर पट्टी अशी नसतेच, तरी काहीतरी आकडा चिकटवून मोकळं होतं. म्हणून शंका आली की हेडफोनवर बेसलाइन लावून कीबोर्डवर एकेक सूर धरून बघतो. ज्यावर बेस येऊन टेकतो आणि जो धरून ठेवला तरी खटकत नाही, तो सा. मग तिसरा सूर ऐकला की मेजर-मायनरचा निकाल लागतो.

खरी गंमत पुढे आहे. पिच फेडरने वेग वाढवला की सूरही चढतो. साधारण सहा टक्क्यांना एक सेमीटोन (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन सुरांतलं अंतर), म्हणजे ८ए चा ट्रॅक सहा टक्के पळवला की तो ३ए होऊन बसतो, स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो. सहा टक्के निदान धड एका पट्टीवर तरी नेऊन सोडतात. सगळ्यात वाईट तीन टक्के: सूर बरोबर दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळतो. की लॉक लावला की सूर जागेवर राहतो, पण जास्त ताणलं तर किकची धार बोथट होते. मी एक टक्क्याच्या आत असेन तर की लॉक बंद ठेवतो, त्यापुढे चालू.

उदाहरण सांगतो. चालू ट्रॅक ८ए, १२२ बीपीएम; येणारा ९ए, १२४. दोघांना १२३ वर आणलं. पहिला किंचित चढला, दुसरा किंचित उतरला, पण फरक वाटून घेतल्याने दोघांतलं सुरांचं अंतर काही कमी होत नाही. ते सेमीटोनच्या चौथाईहून जरा जास्तच भरतं. ड्रम्सवर हे कळतही नाही. लांब धरलेला पॅड (मागे भरून राहणारा सिंथचा सूर) असेल तर लगेच टोचतं, म्हणून इथे दोन्हीकडे की लॉक लावला. मिक्सरवर येणाऱ्याचा लो (खालचे सूर) पूर्ण बंद, मिड (मधले) अर्ध्यावर, आणि जुन्याचा सोळा बारचा (बार म्हणजे चार मात्रा) फ्रेज, म्हणजे तुकडा, सुरू होताना पहिल्या मात्रेवर सोडला. १२३ ला सोळा बार म्हणजे जेमतेम ३१ सेकंद. ते संपून पुढचा फ्रेज लागतो त्या मात्रेवर जुन्याचा लो खाली, नव्याचा वर, एकाच झटक्यात. दोन बेस एकत्र वाजू दिले तर पट्टी कितीही जुळलेली असो, तळ गढूळच होतो.

चक्राच्या बाहेर पाऊल टाकायचंच नाही असं मात्र मी करत नाही. तासभर शेजारच्याच घरांत फिरत राहिलं की सेट सपाट होतो. आकडा दोनने पुढे नेला, ८ए वरून १०ए, की सगळं एक टोन वर उचललं जातं आणि अंगात जोर येतो; फक्त ही उडी झटपट मारायची, लांब ओव्हरलॅप नको. आता मी लायब्ररी आधी बीपीएमने लावतो आणि त्यातल्या जवळच्या वेगांमध्ये पट्टी बघतो. पट्टी अजिबात जुळत नसेल आणि तरी तोच ट्रॅक हवा असेल, तर जुन्याचा आउट्रो (शेवटचा भाग) आणि नव्याचा इंट्रो (सुरुवातीचा), दोन्ही नुसत्या ड्रम्सचे, एकमेकांवर चढवून निघून जातो.